बर्फ नसलेल्या इंदुरात बॅककंट्री स्कीइंगची तयारी : मला नडलेली एक गोष्ट

एप्रिल लागला की औली, मनाली नाहीतर गुलमर्गला बेसिक कोर्स करून आलेली इंदूरची दोन-चार मुलंमुली हमखास विचारतात, "ताई, आता डिसेंबरपर्यंत करायचं काय?" तोंडी जे सांगते तेच एकदा नीट लिहून काढतेय. बॅककंट्री म्हणजे लिफ्ट आणि तयार उतार सोडून मोकळ्या डोंगरात केलेलं स्कीइंग. वळणं घेता येतात आणि स्किन (स्कीच्या तळाला गोंदानं चिकटणारी, मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी) लावून स्वतःच्या पायांनी वर चढायचं म्हणजे काय हे ठाऊक आहे, असं धरून चालते.

आधी सामानाचं. सेल लागला म्हणून घेत सुटू नका. बूट तर पायात घातल्याशिवाय घेऊच नका, कितीही स्वस्त मिळोत. स्की आणि बूट पहिले दोन हिवाळे भाड्यानं मिळतात, तेवढ्यावर भागतं. स्वतःचं घ्यायचं तर बीकन (अंगावर बांधायचं, सिग्नल सोडणारं आणि दुसऱ्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस चाचपायची लांब, जोडकाठी) आणि फावडं. मी गणिताच्या शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे पहिल्या उन्हाळ्यात याच तीन गोष्टींवर घातले. रामबागेतल्या आमच्या घरी कुणाला ते पटलं नाही. आत्या म्हणाली, "इथे कूलर लावायची वेळ आलीय आणि तू बर्फात पुरलेल्या माणसांना शोधायचं यंत्र आणलंस." मला मात्र त्या खर्चाचा आजही पश्चात्ताप नाही. माझं चुकलं ते पुढे.

त्या उन्हाळ्यात मी आणि माझा मावसभाऊ रोज संध्याकाळी चिमणबाग मैदानावर जायचो. तो एक बीकन गवतात कुठेतरी लपवायचा आणि मी दुसऱ्यानं शोधायचे. पहिल्या आठवड्यात चार मिनिटं लागायची, जूनमध्ये अडीच, दसऱ्यापर्यंत दीड. वहीत रोजची वेळ लिहायचे. दीड मिनिटाचा आकडा पाहून वाटायचं, आपली तयारी झाली.

जानेवारीत गुलमर्गला सराव लागला. प्रशिक्षकांनी एका सॅकमध्ये बीकन घालून ती सॅक मीटरभर बर्फाखाली पुरली, वरून स्की फिरवून सगळं सपाट केलं आणि घड्याळ लावलं. मी सॅक बाहेर काढली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तेरा मिनट." मग पुढच्या मुलाला हाक मारली. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाची जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं खाली येते, हे मला पाठ होतं. म्हणूनच त्या रात्री जेवण गेलं नाही.

ही १३ मिनिटं कुठे गेली ते बारकाईनं सांगते, कारण नवीन माणूस इथेच फसतो.

सिग्नलच्या जवळ पोहोचायला मला तीन मिनिटंही लागली नाहीत. तेवढं चिमणबागेत घोटून झालं होतं. बीकनवरचा अंतराचा आकडा तीन मीटरच्या आसपास आला की गुडघ्यांवर बसायचं, बीकन बर्फाला जवळजवळ टेकवायचं, त्याचं तोंड एकाच दिशेला ठेवायचं आणि आधी एका रेषेत, मग तिला काटकोनात, अगदी सावकाश सरकवून सर्वांत लहान आकडा शोधायचा. मी ते छातीशी धरून उभी होते आणि घाईत मनगट फिरवत होते. दिशा बदलली की आकडा उड्या मारतो. गवतात हे कधी जाणवलंच नाही, कारण शेवटच्या दोन मीटरवर बीकन डोळ्यांनाच दिसायचं. माझे डोळे शोधत होते आणि श्रेय मी हातांना देत होते.

मग प्रोब. हातमोजे घालून मी तो कधी उघडलाच नव्हता. एक सांधा नीट बसला नाही, पुन्हा जोडावा लागला. प्रोब उताराला काटकोनात घुसवायचा, जागा नाही सापडली तर साधारण २५ सेंटीमीटरच्या अंतरानं गोल वाढवत जायचं. मी सरळ खाली, जमिनीच्या दिशेनं घुसवत होते. सॅकला लागला तेव्हा हाताला काय जाणवलं तेही कळेना, कारण मऊ वस्तूला प्रोब लागल्यावर कसं वाटतं हे हातांना माहीतच नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला खोदण्यानं. मी प्रोबच्या डोक्यावर उभी राहून विहीर खणावी तसं खणत गेले आणि कडेचा बर्फ परत आत पडत राहिला. खाली खरंच माणूस असता तर मी त्याच्यावर उभी होते. प्रोब तसाच रोवून ठेवायचा, उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या दीडपट अंतर सोडून सुरुवात करायची आणि आडवं आत शिरत बर्फ मागे ढकलायचा.

म्हणजे सहा महिने मी तीनपैकी सगळ्यात सोपा तुकडा तेवढा गिरवला होता, आणि तोही उभ्यानं, चुकीच्या पद्धतीनं. हाताला एकदा चुकीचं वळण लागलं की ते मोडायला दुप्पट वेळ जातो. माझा दुसरा उन्हाळा त्यातच गेला.

आता आमचा सराव सुदामानगरला एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगात चालतो. ठेकेदाराची परवानगी घेतलीय. तिथले चौकीदारकाका बीकन घातलेला डबा पुरतात आणि कुठे पुरला ते सांगत नाहीत. डबा प्लॅस्टिकचा हवा, स्टीलच्या डब्यात सिग्नल अडतो. डब्याभोवती जुनी रजई गुंडाळा, म्हणजे प्रोबला मऊ लागणं म्हणजे काय ते कळेल. सळयांच्या ढिगापासून लांब राहा, लोखंडाजवळ आकडे वेडेवाकडे येतात. मोबाइल आणि स्मार्ट घड्याळ शोधताना बीकनपासून ५० सेंटीमीटर तरी दूर हवं, बीकन नुसतं सोबत असताना २० सेंटीमीटर. पावसाळ्यातली ओली वाळू घ्या. स्खलनात आलेला बर्फ थांबला की दगडासारखा घट्ट बसतो, कोरडी भुसभुशीत वाळू त्याची कल्पना देत नाही. हातमोजे घालूनच करा. मात्र वाळूत बोगदा करून आत डोकं घालू नका आणि माणूस कधीही पुरू नका, ढीग कोसळतो. गेल्या जूनमध्ये मीटरभर खोल डबा मी एकटीनं पावणेसात मिनिटांत बाहेर काढला. हा वेळ अजून कमी व्हायला हवा.

पायांची काळजी मात्र फार करू नका. आठवड्यातून दोनदा रालामंडळची टेकडी, पाठीवर आठ-दहा किलो, महिन्यातून एकदा जानापावचा डोंगर, एवढं पुरतं. आपलं इंदूर साधारण ५५० मीटरवर आणि गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) वरचा टप्पा जवळजवळ ४,००० मीटरवर. विरळ हवेची सवय इथे बसून होत नाही, कुणालाच होत नाही. वर गेल्यावर पहिल्या दोन दिवसांत धाप लागली तर घाबरू नका. ते दोन दिवस आधीच धरून सुट्टी काढा.

गुरू कोण करावा याबद्दल माझं मत ठाम आहे. ज्यानं तुमच्यादेखत एकदा तरी चांगला, मोहात पाडणारा उतार सोडून माघार घेतली, त्याच्यामागे जा. "चला, काही होत नाही" म्हणणाऱ्याबरोबर मी चहालाही जाणार नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. लांबून, खर्च करून, हौसेनं आलेली माणसं होती ती. एअरबॅग (स्खलनात फुगून माणसाला वर ठेवू पाहणारी पाठपिशवी) घेतली की सुटलो, असं समजणाऱ्यांनाही हेच सांगेन. ती घ्या, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पिशवी फुगली म्हणून सोबत्याला खोदून काढता येत नाही.

घरी ठेवायच्या वस्तूंचं थोडक्यात. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो, तिथे स्किन ठेवल्या तर गोंद पाघळून केसांत उतरतो. जाळी मध्ये घालून, घडी करून, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बीकनमधले अल्कलाइन सेल आजच काढा, गळले तर आतल्या पट्ट्या गंजतात. स्कीच्या तळाला मेणाचा जाड थर देऊन न खरवडता तसाच राहू द्या. कुणी जुनं फ्लोरिनचं मेण स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या स्पर्धांत ते २०२३-२४ च्या हंगामापासून बंद आहे.

बातम्यांवरही उन्हाळ्यातच लक्ष ठेवा. बीकन कंपनीनं परत मागवल्याच्या सूचना पुष्कळदा हंगाम संपल्यावर येतात, २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर तसं झालं. आपल्या यंत्राचा अनुक्रमांक एकदा ताडून पाहा. स्की माउंटेनिअरिंग, म्हणजे स्कीवर डोंगर चढण्या-उतरण्याची शर्यत, २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकमध्ये घ्यायची, हेही ठरलं होतं २०२१ च्या जुलैत. आपल्याकडे २०२५ चे गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले. तेव्हा सगळी सुट्टी जानेवारीतच संपवू नका, आठवडाभर मार्चसाठी राखून ठेवा. आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्यानं महूहून मालवा एक्सप्रेसनं कटऱ्याला उतरून पुढेही रेल्वेनंच जाता येतं. शिकवण्यांच्या पैशांत हिवाळा काढणाऱ्या माझ्यासारखीला ही फार मोठी गोष्ट आहे.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही वाळूच्या ढिगाशी असतो. ज्यांच्याकडे बीकन नाही त्यांनीही यावं, प्रोब आणि फावडं चालवायला बीकन लागत नाही. हातमोजे मात्र आपापले आणा, आणि काकांसाठी बिनसाखरेचा चहा.