टेस्टोस्टेरॉनची चाचणी नीट कशी करावी: पोट सुटलेल्या, दमलेल्या चाळिशीतल्या पुरुषांसाठी

पोट सुटलंय, झोप धड होत नाही, इच्छा मंदावलीय, ताठरता टिकत नाही. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात: ‘कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) तपासून घे’ आणि ‘टेस्टोस्टेरॉनचं (पुरुषी संप्रेरकाचं) इंजेक्शन घे’. पहिल्यात बहुतेकदा पैसे वाया जातात, दुसऱ्यात घाई होते.

कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. सुई टोचण्याच्या धास्तीनेही ते वाढतं. एका नमुन्यावरून ताण मोजता येत नाही. मात्र पोटावर जांभळे रुंद पट्टे, जरा लागलं तरी काळंनिळं होणं, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागणं अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांकडे जा. कॉर्टिसॉल खरंच जास्त आहे का, हे पाहायला वेगळ्या चाचण्या आहेत.

कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता. उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

चालू औषधांची यादी करा. स्टिरॉइड, अफूवर्गीय वेदनाशामकं आणि नैराश्यावरची काही औषधं यांचा इथे थेट संबंध असतो. बंद मात्र स्वतःहून करू नका.

आता रक्त. गोंधळ होतो तो इथेच.

सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी नमुना द्या. दुपारी टेस्टोस्टेरॉनची पातळी उतरलेली असते. साखर पोटात गेली तरी उतरते. रात्रपाळी असेल तर पुरेशी झोप झाल्यावर, उठल्या उठल्या. आदल्या रात्री जागरण नको. ताप, शस्त्रक्रिया किंवा कडक उपासमार नुकती झाली असेल तर काही आठवडे थांबा. आजारी शरीर हे संप्रेरक स्वतःच कमी करतं. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं आणि त्याने काही यंत्रांचे आकडे चुकतात, म्हणून त्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी, तशाच सकाळी पुन्हा. एका अहवालावर उपचार सुरू करणाऱ्यापासून लांब राहा.

पोट मोठं असेल तर आणखी एक फसगत होते. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतं. वजन आणि इन्सुलिन वाढलं की यकृत हे प्रथिन कमी बनवतं. मग एकूण आकडा खाली दिसतो, पण मोकळं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं. म्हणून एसएचबीजी मागा आणि मोकळं प्रमाण गणिताने काढून घ्या. ते थेट मोजणाऱ्या स्वस्त चाचण्यांवर विसंबू नका. दोन्ही वेळा कमी आलं तर एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायचा आदेश देणारं संप्रेरक) आणि प्रोलॅक्टिन (मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचं आणखी एक संप्रेरक) हवंच. एलएच जास्त असेल तर दोष वृषणांत. कमी किंवा नेहमीसारखं असेल तर वर, पिट्यूटरीकडे, किंवा वजन, झोप आणि औषधांत शोधा.

इंजेक्शनने मेंदूचा एलएचचा आदेश थांबतो, वृषणं आक्रसतात, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. मूल हवं असेल तर हा मार्ग नकोच.

ताठरतेचा प्रश्न मात्र बऱ्याचदा रक्तवाहिन्यांचा असतो. लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद, त्यामुळे त्या आधी तक्रार करतात. त्याच दिवशी रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉल तपासा. पहाटेची ताठरता शाबूत असेल आणि अडचण फक्त संबंधाच्या वेळी येत असेल तर ताणाकडे बोट दाखवता येतं: ताणात वाढणारं ॲड्रेनालिन लिंगातल्या स्नायूंना सैल होऊ देत नाही. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी सिल्डेनाफिलला (ताठरतेच्या गोळीला, म्हणजे व्हायग्राला) हातही लावू नये. रक्तदाब जीवघेणा कोसळतो.

घोरत असाल, दिवसा डुलक्या येत असतील, तर झोपेची तपासणी करा. बाकी रोज चालणं, आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं, दारू कमी.

वजन ५ ते १० टक्के उतरून स्थिरावलं की तीच चाचणी, तशीच सकाळी, त्याच लॅबमध्ये. लॅब बदलली तर जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करत बसू नका.