रुग्णालय प्रशासकांचं प्रशिक्षण ठरवताना या चुका टाळा

प्रशिक्षणाची गरज शोधायची म्हटलं की आधी फॉर्म वाटले जातात. पंधरा विषय, पुढे चौकोन, हवं त्यावर टिक करा. पण आपल्याला काय येत नाही हेच ठाऊक नसेल, तर माणूस ते मागणार कसं? मग सगळ्यांच्या फॉर्मवर ‘संवादकौशल्य’ येतं.

एका रुग्णालयात डिस्चार्जला उशीर होतो अशी ओरड होती. फॉर्म बघून मीही संवादकौशल्याचं दोन दिवसांचं सत्र घेतलं. महिन्याभरानेही तक्रारी तेवढ्याच. शेवटी एक दिवस मी एका फाइलच्या मागे चालत राहिले. साडेनऊला डॉक्टरांनी ‘घरी सोडा’ लिहिलं. उरलेली औषधं फार्मसीत परत गेली साडेअकराला, आणि ती जमा झाल्याशिवाय बिल बंद होत नव्हतं. डिस्चार्ज समरी टाइप होऊन पडली होती, सहीचे डॉक्टर शस्त्रक्रियेत. खाट मोकळी झाली चार वाजता. बिलिंगची मुलं आधीपासूनच नीट बोलत होती. शिकवायला हवं होतं ते प्रशासकांना: काम कुठे अडतं ते शोधणं आणि औषधं, समरी आदल्या संध्याकाळीच मार्गी लावणं. तेव्हापासून एक फाइल, एक इंडेंट (स्टोअरकडे केलेली सामानाची मागणी) आणि एक तक्रार शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय मी विषय ठरवत नाही.

दुसरी चूक आकड्यांची. ‘आमची ऑक्युपन्सी (भरलेल्या खाटांचं प्रमाण) 80 टक्के’ असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. 100 खाटा, 30 दिवस, म्हणजे 3,000 खाट-दिवस. त्यातले 2,400 भरले की झाले 80 टक्के. पण तेवढ्याच दिवसांत 600 रुग्ण घरी गेले तर सरासरी मुक्काम चार दिवसांचा, 300 गेले तर आठ दिवसांचा. ऑक्युपन्सी तीच, पण रुग्णालयाची अवस्था वेगळी. हे गणित प्रशासकाला स्वतःच्या हाताने करता आलंच पाहिजे. नवे लोक पहिल्याच आठवड्यात डॅशबोर्ड मागतात. मी आधी महिनाभर वहीत मांडायला लावते. कंटाळतात, पण त्यानंतर चुकीचा आकडा त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

स्टोअरची यादी फक्त खर्चाप्रमाणे लावू नका. स्वस्त पण जीवरक्षक औषध तळाशी जातं आणि नेमकं तेच संपतं. एबीसी, म्हणजे खर्चाप्रमाणे वर्गवारी, हिच्याबरोबर व्हीईडीही शिकवा: जीवरक्षक, आवश्यक आणि असली तर बरी अशी गरजेप्रमाणे वर्गवारी.

उत्तम सर्जन किंवा अनुभवी सिस्टर म्हणजे आपोआप उत्तम प्रशासक, असं धरून चालू नका. बजेट आणि ड्यूटी रोस्टर त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

सत्र संपताना भरून घेतलेल्या अभिप्रायावर समाधान मानू नका. अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वागण्यातला बदल आणि परिणाम. आपण पहिलीवरच थांबतो. मी तीन महिन्यांनी त्याच वॉर्डात जाते, डिस्चार्जची एक फाइल उचलते आणि पुन्हा वेळा लिहायला लागते.