बागेतील ओलावा-नोंदयंत्रासाठी एमएसपी४३० वर मेमरी-संरक्षण कसे बसवावे

वरूड-मोर्शी भागातील संत्राबागायतदार मृग बहारासाठी उन्हाळ्यात बाग ताणावर सोडतात, तेव्हा काळ्या जमिनीत मुळांच्या खोलीवर किती ओल उरली आहे याची सलग नोंद फार मोलाची असते. अशा नोंदयंत्रासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा (टीआय) एमएसपी४३०एफआर५९६९ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, चांगला आहे. तो १.८ ते ३.६ व्होल्टवर चालत असल्यामुळे दोन पेन्सिल सेल पुरतात, आणि त्यात ६४ किलोबाइट एफरॅम ही कायमची मेमरी व २ किलोबाइट एसरॅम ही वीज असेपर्यंतच टिकणारी कामचलाऊ मेमरी आहे. एफरॅममधील मजकूर वीज गेल्यावरही टिकतो, आणि फ्लॅश मेमरीप्रमाणे लिहिण्यापूर्वी आख्खा भाग पुसावा लागत नाही. उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार ८५ अंश सेल्सिअसलाही मजकूर १० वर्षे टिकतो, त्यामुळे मे महिन्यात उन्हात तापणाऱ्या डब्याचीही नोंदींच्या दृष्टीने चिंता नाही.

परंतु ज्या गुणामुळे एफरॅम सोयीची ठरते, त्याच गुणामुळे ती धोक्याचीही ठरते. प्रोग्राम आणि नोंदी एकाच मेमरीत राहतात, आणि कोणत्याही बाइटवर एका साध्या सूचनेने लिहिता येते. पॉइंटर (मेमरीतील पत्ता धरणारे चल) चुकला किंवा नोंदींचा क्रमांक मर्यादेबाहेर गेला, तर प्रोग्रामच्याच सूचना पुसल्या जातात आणि बॅटरी काढून पुन्हा बसवली तरी यंत्र सावरत नाही. म्हणून मेमरी प्रोटेक्शन युनिट, म्हणजे एमपीयू, चालू केल्याशिवाय यंत्र शेतात नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एमपीयू मुख्य एफरॅमचे दोन सीमांनी तीन भाग करते. सीमा १ किलोबाइटच्या टप्प्यांतच सरकवता येतात. या चिपमध्ये मुख्य एफरॅमचे पत्ते हेक्स (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) ४४०० पासून हेक्स १३एफएफएफ पर्यंत आहेत. पहिली सीमा हेक्स ८००० वर ठेवली, तर नोंदींसाठी १५ किलोबाइट मिळतात. दर तासाला ८ बाइटची एक नोंद धरल्यास त्यात अडीच महिन्यांच्या नोंदी आरामात मावतात, म्हणजे ताणाचा काळ पूर्ण येतो. दुसरी सीमा हेक्स ८८०० वर ठेवून मधल्या भागात स्थिरांक व सेन्सरचे कॅलिब्रेशन कोष्टक ठेवावे. त्यावरचा सारा भाग प्रोग्रामसाठी असतो, आणि इंटरप्ट व्हेक्टरही (इंटरप्ट आल्यावर कोणता कोड चालवायचा त्याचे पत्ते) त्याच भागात येतात. पहिल्या भागाला वाचन व लेखन, दुसऱ्याला फक्त वाचन, आणि तिसऱ्याला वाचन व अंमलबजावणी एवढेच अधिकार द्यावेत. लिंकर फाइलमधील (प्रोग्रामचे भाग कोणत्या पत्त्यांवर बसवायचे ते सांगणाऱ्या फाइलमधील) मांडणी याच सीमांशी जुळती असली पाहिजे, कारण एमपीयूला तुमच्या चलांची नावे कळत नाहीत, तिला फक्त पत्ते कळतात.

एमपीयूची रजिस्टरे, म्हणजे तिच्या सेटिंग ठेवणारे चिपमधील कप्पे, भरण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम एमपीयूसीटीएल० या नियंत्रण-रजिस्टरमध्ये वरच्या बाइटला हेक्स ए५ हा पासवर्ड देऊन रजिस्टरे उघडावीत. चुकीचा पासवर्ड दिल्यास चिप रीसेट होते. त्यानंतर सीमांच्या दोन रजिस्टरांत पत्ते चार बिट उजवीकडे सरकवून लिहावेत, म्हणजे हेक्स ८००० साठी हेक्स ०८००. मग एमपीयूएसएएम या रजिस्टरमध्ये प्रत्येक भागाचे अधिकार द्यावेत, आणि शेवटी पासवर्डासह एमपीयूईएनए (चालू करणारा) व एमपीयूलॉक (कुलूप लावणारा) हे दोन्ही बिट एकत्र लिहावेत. लॉक लागल्यावर बीओआर (ब्राउन-आउट, म्हणजे वीज जाऊन आल्यासारखा) प्रकारचा रीसेट होईपर्यंत या सीमा कोणालाही, अगदी भरकटलेल्या प्रोग्रामलाही, बदलता येत नाहीत. हे काम मेन फंक्शनमध्ये न करता टीआय कंपायलरच्या प्री-इनिट फंक्शनमध्ये करावे, म्हणजे चलांना आरंभीच्या किमती मिळण्यापूर्वीच संरक्षण लागू होते.

अधिकाराचे उल्लंघन झाल्यास काय करायचे, हे प्रत्येक भागासाठी व्हीएस या बिटने ठरते. तो १ असल्यास चिप रीसेट होते. ० असल्यास आणि परवानगी दिली असल्यास न टाळता येणारा इंटरप्ट येतो. माणूस जवळ नसलेल्या यंत्रासाठी मी रीसेटच निवडीन. मात्र तीच चूक पुन्हा पुन्हा घडत राहिली, तर सतत रीसेट होऊन सेल संपतील. म्हणून सुरुवातीलाच सिस्टिम रीसेट इंटरप्ट व्हेक्टर या रजिस्टरमधून रीसेटचे कारण वाचावे, उल्लंघनांची संख्या पहिल्या भागात साठवावी, आणि ती वाढत गेल्यास नोंदी थांबवून दीर्घ झोपेत जावे.

झोपेचा विषय इथे सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच दुर्लक्षित राहतो. एलपीएम३.५ या सर्वांत कमी वीज लागणाऱ्या झोपेच्या अवस्थांपैकी एकीत फक्त घड्याळ चालू राहते आणि माहितीपत्रकानुसार खर्च सुमारे ०.२५ मायक्रोअँपिअर एवढाच असतो. परंतु त्या अवस्थेतून जागे होणे म्हणजे बीओआर रीसेटच होय. एसरॅममधील चले जातात आणि एमपीयूचे लॉकही सुटते, त्यामुळे दर तासाच्या प्रत्येक जागेपणी संरक्षण नव्याने बसवावे लागते. चिपच्या पायांच्या (पिनांच्या) मांडणीनंतर लॉकएलपीएम५ हा बिट पुसला नाही, तर पाय निष्क्रियच राहतात. एलपीएम३ या हलक्या झोपेत खर्च थोडा जास्त असतो, पण एसरॅम व लॉक दोन्ही टिकतात. दोन पेन्सिल सेलवर हा फरक नगण्य असल्याने नवशिक्याने एलपीएम३ पासून सुरुवात करावी.

एमपीयू एसरॅमचे किंवा पेरिफेरल (चिपमधील इतर घटकांच्या) रजिस्टरांचे रक्षण करत नाही, त्यामुळे एसरॅममधील स्टॅकची (फंक्शनच्या तात्पुरत्या माहितीच्या जागेची) मर्यादा स्वतःच सांभाळावी लागते. पहिल्या भागातील नोंदीही एकमेकींवर लिहिल्या जाऊ शकतात. प्रत्येक नोंदीसोबत चिपमधील सीआरसी मॉड्यूलने काढलेला, नोंद बिघडली का हे ओळखणारा तपासणी-अंक ठेवावा, आणि आधी संपूर्ण नोंद लिहून मगच पुढचा क्रमांक बदलावा. लिहिताना वीज गेली, तर अर्धवट नोंद मोजणीत येणार नाही.

टेबलावर याची चाचणी घेताना एक बटण असे ठेवावे की दाबताच प्रोग्रामच्या भागातील एखाद्या पत्त्यावर मुद्दाम लिहिले जाईल. चिप रीसेट झाली पाहिजे, उल्लंघनाची संख्या एकाने वाढली पाहिजे, आणि त्या पत्त्यावरील मूळ मूल्य जसेच्या तसे सापडले पाहिजे. एलपीएम३.५ वापरत असाल, तर एकदा झोपून उठल्यानंतर हीच चाचणी पुन्हा घ्यावी.