बर्फातल्या ट्रेकला निघालात? सह्याद्रीच्या सवयीने होणाऱ्या या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की दादरच्या आमच्या कट्ट्यावर केदारकंठाचा, म्हणजे उत्तराखंडातल्या बर्फाच्या ट्रेकचा, विषय निघतोच. रात्रीची कसारा लोकल पकडून हरिश्चंद्रगड गाठणारी मंडळी आम्ही. दमसास आहे, कडा पाहिला की वाट कुठून जाईल हे डोळ्यांना कळतं. घोळ तिथेच होतो. सह्याद्रीत धोका दिसतो. बर्फात तो पायाखालच्या थरात दडलेला असतो.

'एवढा काही उभा नाही, चला'

हिमस्खलनात बर्फाची अख्खी लादी सुटून येते ती बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही, थोडाथोडा झडत राहतो. म्हणजे आपल्याला 'आरामात चढू' वाटणारा उतारच घातकी. उतार मोजायचं ॲप फोनमध्ये घ्या, ट्रेकिंग पोल उतारावर आडवा टाकून त्यावर फोन ठेवा, आकडा मिळतो. आणि तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावर काय आहे ते बघा. भरलेल्या उताराच्या बरोबर खाली बसून डबे उघडणारे ग्रुप मी पाहिलेत.

'ऊन पडलंय, आता काय भीती?'

ही चूक सगळ्यात महागाची. हिमवृष्टी थांबून लख्ख ऊन पडलं की सगळ्यांना फोटो सुचतात. नव्या बर्फाचा भार मात्र अजून नीट बसलेला नसतो. त्यात वारा असेल तर एका बाजूचा बर्फ उचलून तो धारेपलीकडे नेऊन टाकतो. आकाशातून चिमूटभरही न पडता तिथला उतार काही तासांत लादला जातो.

त्याहून फसवा असतो खालचा थर. हंगामाच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो आणि मग कडाक्याच्या, निरभ्र रात्री येतात. जमीन त्यामानाने उबदार, वरचा बर्फ गारठलेला. या फरकामुळे थरातली वाफ वर सरकते आणि दाणे मोठे, कोनदार होतात. खड्डा खणून ते हातमोज्यात घ्या. लाडू वळत नाही, जाड्या साखरेसारखे घरंगळून जातात. जानेवारीत यावर दोन फूट नवा बर्फ बसला की साखरेवर फरशी ठेवल्यासारखं झालं. ती सुटायला एका माणसाचं वजन पुरतं. पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला किंवा पावलापासून चीर धावत गेली, तर चर्चा नको, मागे फिरा.

आधीच्या ग्रुपचे ठसे दिसतात म्हणून जाऊ नका. ते गेले तेव्हा लादी सुटली नाही, एवढंच त्यावरून कळतं.

'गाईड आहे ना!'

4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा-2 वर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली, 27 जणांचे मृतदेह मिळाले. प्रशिक्षकही बरोबर होते.

गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही. खणणार तुमचेच सोबती. म्हणून अशा उतारांवर जाणार असाल तर प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं, सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि फावडं हवंच, शिवाय सराव हवा. आम्ही गोराईच्या वाळूत बीकन पुरून सराव केला. बीकन चार मिनिटांत सापडला. ओली वाळू उपसताना मात्र जीव निघाला, आणि थांबलेला हिमलोंढाही असाच घट्ट बसतो. आम्ही डोक्यावरूनच खाली खणत होतो. खरं तर प्रोब लागलेल्या जागी तसाच ठेवून उताराच्या खालच्या अंगाने आत शिरायचं असतं. माझा बीकन भरकटत होता, कारण फोन छातीच्या खिशात. शोधताना तो निदान अर्धा मीटर लांब हवा.

परतीचं तिकीट

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. निघायच्या आदल्या रात्री आणि तिथल्या प्रत्येक सकाळी ते बघा. पण इशारा वाचूनही माणसं पुढे जातात, कारण रजा संपलेली असते आणि सोमवारी ऑफिस. आम्ही आता परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढतो. गेल्या खेपेला दोन्ही दिवस तंबूत पत्ते खेळण्यात गेले, शिखर झालं नाही.