माणसं चार, कामं चौदा: छोट्या वर्कशॉपमध्ये कामांचा क्रम कसा लावावा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींमधल्या गाळ्यांतली अनेक वर्कशॉप साधारण सारखीच असतात. एखादी व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं मिलिंग-ड्रिलिंगचं मशीन), दोन लेथ, एक सरफेस ग्राइंडर आणि चार-सहा माणसं. प्लॅनिंग, खरेदी, वसुली आणि वेळ पडलीच तर टेम्पोत माल चढवणं, हे सगळं मालकाकडेच. येणारी प्रत्येक ऑर्डर मात्र 'अर्जंट'. अशा ठिकाणी जो शेवटचा फोन करतो त्याचं काम मशीनवर चढतं. ही पद्धत मोडायला नवं मशीन लागत नाही, सॉफ्टवेअर तर नाहीच.

सगळी कामं आधी फळ्यावर आणा

हातातली प्रत्येक गोष्ट लिहा. रिजेक्ट होऊन परत आलेला माल, द्यायचं राहिलेलं कोटेशन, 'जरा बघून ठेवा' म्हणून टाकून गेलेला एखादा शाफ्टसुद्धा. प्रत्येकापुढे चार गोष्टी: पार्टी, कबूल केलेली तारीख, आपल्याकडचे किती तास शिल्लक आहेत, आणि काम कशावर अडलंय. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मटेरियल आलेलं नाही, ड्रॉइंगवर सही नाही, जॉब हीट ट्रीटमेंटहून परत यायचाय, अशी कामं तुमच्या माणसांच्या वेळेवर हक्क सांगतच नाहीत. त्यांना फक्त एक फोन हवा असतो. ती बाजूला काढली की चौदाची यादी बऱ्याचदा आठ-नऊवर येते.

गाडं कुठे अडतं ते शोधा

शॉपमध्ये एक चक्कर मारा. ज्याच्यापुढे जॉब साचलेले दिसतील, ती तुमची अडणारी जागा. बहुतेकदा ती व्हीएमसी असते. टूलरूम असेल तर शेवटचं फिटिंग करणारा जुना फिटरही असू शकतो. तिथे वाया गेलेला एक तास म्हणजे अख्ख्या वर्कशॉपचा एक तास, आणि दुसरीकडे वाचवलेल्या तासाने डिस्पॅचमध्ये काही फरक पडत नाही. म्हणून सगळी हुशारी इथेच खर्च करा.

जेवणाच्या सुट्टीत ते मशीन थांबू नये, माणसं आळीपाळीने जेवू द्या. पुढच्या जॉबचे टूल, फिक्स्चर (जॉब घट्ट धरून ठेवणारी जोडणी), प्रोग्राम आधीचा जॉब चालू असतानाच तयार हवेत. मशीनवर चढण्याआधी पीस तपासा, कारण आधीच बाद झालेल्या पीसवर तीन तास मशिनिंग करण्यासारखा दुसरा तोटा नाही. साधं ड्रिलिंग रेडियल ड्रिलवर होत असेल तर ते व्हीएमसीवरून काढा. तरीही गर्दी राहिली तर बाहेर जॉबवर्कला द्यायचं कामही इथलंच असावं. लेथ रिकामा दिसला तर दिसू द्या. मालकांना हे फार जड जातं, पण लेथवर भरमसाट माल काढून व्हीएमसीपुढे ढीग वाढवण्यात काहीच हशील नाही.

आता क्रम

समजा तीन कामं आहेत, सहा दिवसांचं, दोन दिवसांचं आणि एका दिवसाचं. मोठं आधी घेतलं तर ती ६व्या, ८व्या आणि ९व्या दिवशी संपतात. लहान आधी घेतलं तर १ल्या, ३ऱ्या आणि ९व्या. एकूण काम नऊ दिवसांचंच, पण पार्ट्यांच्या वाट पाहण्याची बेरीज २३ दिवसांवरून १३वर येते. मोठ्या पार्टीची तारीख दहावी असेल तर तिचं काहीच बिघडत नाही.

सगळ्या कामांचं वजन सारखं नसतं, हेही खरं. मग प्रत्येक कामाला एक ते दहा गुण द्या, त्याला लागणाऱ्या दिवसांनी भागा आणि उत्तर मोठं त्याला आधी घ्या. शेड्युलिंगच्या अभ्यासात हा नियम १९५६पासून आहे आणि आजही तो कागदाच्या कपट्यावर करता येतो. कुणाला जास्त उशीर होऊ नये, एवढीच चिंता असेल तर सरळ तारखेनुसार लावा.

गुण देताना पैसे कधी येतात तेही धरा. पैसाही साधनच आहे आणि तो सगळ्यात आधी संपतो. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. अशा उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी नसेल तर आधी ती करून घ्या. एवढं असूनही जी पार्टी सहा महिने झुलवते, तिचे गुण कापा.

थोडं थोडं सगळ्यांचं करू नका

चार-चार दिवसांची दोन कामं रोज आलटून पालटून केली तर ती ७व्या आणि ८व्या दिवशी संपतील. एकापाठोपाठ एक केली तर ४थ्या आणि ८व्या. दुसऱ्याला काही तोटा नाही, पहिल्याला तीन दिवसांचा फायदा, शिवाय रोजच्या सेटिंगचा वेळ वाचला तो वेगळाच. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते हेच.

अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं एक सूत्र इथे कामाला येतं. शॉपमध्ये सरासरी १२ जॉब उघडे असतील आणि आठवड्याला ३ बाहेर पडत असतील, तर एका जॉबला सरासरी ४ आठवडे लागतात. तेवढेच बाहेर काढत राहून उघडे जॉब ६वर आणले, तर २ आठवडे. म्हणून एक आकडा ठरवा आणि एक जॉब बाहेर गेल्याशिवाय नवा आत घेऊ नका. मटेरियल येऊन पडलं असलं तरी.

अर्जंटवाल्याला काय सांगायचं

'नाही' म्हणू नका, निवड त्याच्यावर सोपवा. "साहेब, फिक्स्चर शुक्रवारी देतो, पण मग मंगळवारची डाय पुढच्या सोमवारी जाईल. आधी कोणतं हवंय?" दोन्ही कामं त्याचीच असतील तर उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्या पार्टीचं काम मागे सारावं लागत असेल, तर तिला आधी फोन करा, मगच होकार द्या.

काही तारखा हलतच नाहीत. नाशिकच्या २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची पर्वणी कुणासाठी थांबणार नाही, रस्ता अर्धा असो की पूर्ण. अशा वेळी व्याप्ती कापायची. शंभर पीसची ऑर्डर असेल तर ट्रायलला किती लागतील ते विचारा. दहा लागत असतील तर दहा आधी द्या, नव्वदची तारीख वेगळी घ्या.

माणसांची सुट्टीही फळ्यावर हवी. निफाड-दिंडोरीकडची, घरी द्राक्षबाग असलेली पोरं ऑक्टोबरच्या छाटणीला जाणारच. बाहेरगावची होळीला. ते सप्टेंबरात आणि जानेवारीतच विचारून ठेवा आणि व्हीएमसी चालवणारा दुसरा माणूस त्याआधी तयार करा. आठ तासांची पाळी असली तरी प्लॅनिंगमध्ये सहाच तास धरा.

रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी फळ्यापुढे उभं राहायचं आणि क्रम तेव्हाच बदलायचा. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत तो दोनच कारणांनी हलेल: मशीन बंद पडलं, किंवा पार्टीने ड्रॉइंग बदललं. मालकाला आलेला फोन हे तिसरं कारण नाही.