चकलीचा गृहउद्योग: प्रत्येक घाणा सारखा कसा उतरवावा?

ओळखीपाळखीत चकली खपते तोवर चवीतले उन्नीस-बीस चालून जाते. दुकानात माल ठेवला की गिऱ्हाइकाला दर वेळी तीच चकली लागते. त्यासाठी आधी वजनकाटा आणि एक वही आणा.

वाटीचे माप सोडा. तीच वाटी दाबून भरली की पीठ वाढते. भाजणी, मोहन, पाणी, मीठ, तिखट सगळे ग्रॅममध्ये लिहा. मोहनाला तर अंदाज अजिबात नको: जास्त झाले की चकली तेलात विरघळते, कमी पडले की दाताला कडक लागते. तेल नीट तापले नसेल तर ती तेल पिते. फार तापले तर वरून लाल, आतून कच्ची राहते आणि डब्यात मऊ पडते. तळणीची तापमापी फार महाग नसते, जरूर घ्या. चकली पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीटबंद करू नका.

आता सर्वांत मोलाचे काम. रोजच्या मालाला बॅच नंबर द्या, तो पाकिटावर टाका आणि त्यातली दोन पाकिटे घरी राखून ठेवा. ‘चकली खवट लागते’ अशी तक्रार आली की त्याच बॅचचे पाकीट फोडा. तेही खवट असेल तर तेल किंवा भाजणी जुनी होती का, ते वहीत पाहा. घरचे पाकीट चांगले असेल तर दुकानात पाकिटे उन्हात राहतात का, सील सुटते का, हे जाऊन बघा. नाहीतर दोष एकीकडे आणि दुरुस्ती दुसरीकडे!

मदतीला बायका आल्या की भाजणी एकाच हाताने मोजून द्या. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये कर्जाऊ घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्येही पीठ केंद्रावर मळले जाते आणि पापड घरोघरी लाटले जातात.

घडी अशी बसली की नवे करून बघा. नाचणीची चकली करायची तर तांदळाच्या चौथ्या हिश्श्याऐवजी नाचणी घ्या, बाकी काही बदलू नका. छोटाच घाणा काढा. नातेवाइकांना विचारू नका, ते छानच म्हणणार. नेहमीच्या गिऱ्हाइकांना जुनी-नवी शेजारी ठेवून, कोणती कुठली ते न सांगता चाखायला द्या आणि ‘विकत घ्याल का?’ एवढेच विचारा. पसंत पडली तरी लगेच लेबल छापू नका. जेवढ्या दिवसांची मुदत पाकिटावर टाकणार, तेवढे दिवस ती आधी घरात टिकवून पाहा.