हर्मिस लाइट २ पीसीला सापडत नाहीये? आधी हे बघा

हर्मिस लाइट २ म्हणजे नेटवर्कवरून पीसीला जोडून चालवायचा हॅम रेडिओ. त्याची पॉवर चालू आहे, पण थेटिस किंवा क्विस्क या रेडिओ चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कव्हरीत (रेडिओ शोधताना) काहीच येत नाही, तर लगेच बोर्ड खराब झाला म्हणून घाबरू नका, बहुतेक वेळा गडबड नेटवर्कमध्येच असते. आधी इथरनेट पोर्टचे लाइट बघा, पेटत नसतील तर केबल बदला.

लाइट ठीक असतील तर राउटरच्या डीएचसीपी लिस्टमध्ये (राउटरने आपोआप आयपी दिलेल्या उपकरणांची यादी) रेडिओला आयपी मिळालाय का ते बघा. थेट पीसीला जोडलं असेल तर डीएचसीपी नसतोच, मग रेडिओ स्वतःच १६९.२५४.१९.२२१ हा आयपी घेतो, अशा वेळी पीसीचा आयपीपण १६९.२५४ चाच हवा आणि सबनेट मास्क २५५.२५५.०.०.

आता खरी मेख. सॉफ्टवेअर यूडीपी पोर्ट १०२४ वर ब्रॉडकास्ट (नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम हाक) पाठवून रेडिओला शोधतं, आणि पीसीवर वायफाय, लॅन, व्हीपीएन सगळं एकदम चालू असेल तर ती हाक भलत्याच रस्त्याने निघून जाते. म्हणून वायफाय आणि व्हीपीएन बंद करून परत ट्राय करा. विंडोजमध्ये नेटवर्क पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा आणि फायरवॉलमध्ये त्या प्रोग्रामला परवानगी द्या. दुसरं एखादं सॉफ्टवेअर रेडिओ धरून बसलं असेल तर तेही बंद करा.

सापडतो पण आवाज तुटतोय? ३८४ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला एका रिसीव्हरचा डेटाच साधारण २५ एमबीपीएस जातो, तोही सलग, वायफायवर ते टिकणं अवघड. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झवर आणून बघा, आवाज सुधारला तर दोष नेटवर्कचाच. आणि एवढं करूनही रेडिओ सापडतच नसेल तर वायरशार्क (नेटवर्कवरचा डेटा दाखवणारा प्रोग्राम) लावा आणि पोर्ट १०२४ वरून रेडिओचं उत्तर येतंय का बघा, येत असेल तर प्रॉब्लेम पीसीतच आहे.